आत्याबाईचं दुखणं

विमलताईनं कापसाचं गाठोडं एका हिसक्यात डोक्यावर घेतलं आणि शेताच्या धुऱ्यावरून चालू लागली. मागं तिची सून सुरभी पाहतच राहिली. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेली बाई ही. त्या बाजूच्या हातानं भरली कळशीही उचलायची नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं.

"आत्याबाई, द्या इकडं. हात सुजंल तुमचा."

"सुजला तं सुजला." ती वळलीसुद्धा नाही.

सासूला गाठ निघाली म्हणून सुरभी पुसदचं बी.एड. अर्धवट सोडून राळेगावकडच्या या खेड्यात आली होती. पुढच्या साली परत जाऊ का, विचारलं की विमलताईचं एकच उत्तर. "आता काहीच सांगता येत नाही माय." त्या साली बोंडअळीमुळं पराटीच्या कापसाचंही काही सांगता येत नव्हतं, पण बोंड फोडलं की अळी दिसत तरी होती. सासूचं दुखणं दिसतच नव्हतं.

अंबाडा जसाच्या तसा जाडजूड. शेजारची मैनाबाई भेटायला आली की कण्हायचं, अन् ती गेली की तिनंच आणलेल्या दोन भाकरी चेपायच्या. खंगले ते सासरे, विठ्ठलराव. बायकोसाठी नवसाचे केस दिले, ते परत वाढूच दिले नाहीत त्यांनी. जेवणावरची वासनाच उडाली त्यांची.

"मामाजी काळजीनं मरतीन अन् आत्याबाई मजेत," सुरभी नवऱ्याला म्हणाली.

कपिल नुकताच जिनिंगवरून आला होता. चपला काढता काढता थांबला. "तू माह्या मायवर शक घेऊन राह्यली?"

"ऑपरेशनले गेलता तू?"

"वेचणी होती. माय म्हणे, नको येऊ."

"मंग जखम पाह्यली कोणं?"

"आता मायची छाती पाहू का मी?"

सुरभी ताट वाढायला उठली. संशय काही गप्प बसला नाही. सून घरात डांबून ठेवायची म्हणून हे सारं सोंग, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

सलाईनच्या पुढच्या खेपेला सासू-सासरे दवाखान्यात निघाले. सुरभीनं माहेरचं निमित्त काढलं आणि मागच्या एसटीनं गेली.

सलाईनच्या खोलीबाहेर, बाकावर, पेशंट बायांचे नवरे बसले होते. त्यांच्या मधोमध विमलताई मुरमुरे खात होती.

"तू काहून आली?"

"सलाईन तुमचं, अन् तुम्ही इथं मुरमुरे खाता," सुरभी म्हणाली. "माही शिकाई कायले मोडली आत्याबाई? काहीच नाही ना झालं तुमाले?"

बाकावरची माणसं पाहू लागली. विमलताईनं पुडा गुंडाळून पिशवीत टाकला.

"मैना भाकर घेऊन येते ना," ती हळूच म्हणाली, "खरं सांगतलं असतं तं गावभर हसत सुटली असती."

"काय खरं?"

विमलताई उठली. दार थोडं लोटलं आणि सुरभीला पुढं केलं.

आत डोक्याला रुमाल बांधलेल्या बायांची रांग होती, प्रत्येकीच्या हाताला सलाईन. तिसऱ्या खाटेवरच्या पेशंटनं सुनेला दारात पाहिलं, सुई नसलेल्या हातानं छातीवर दुपट्टा ओढला, आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. विठ्ठलराव होते ते.