पायऱ्यांपासून जाळीपर्यंत

यंत्रवाल्यानं वायरीचं भेंडोळं काठावर टाकलं आणि म्हणाला, "काका, जरा बाजूला सरा. तळ झाडायचं हे कासव पाण्यात सोडतो."

म्हातारा सरला नाही. पोहण्याच्या तलावाच्या उथळ टोकाला, पायऱ्यांजवळ, तो पालथा पडून पाण्यात बघत होता. छपराखालचं पाणी आरशासारखं निश्चल होतं. पंप त्यानं बंदच ठेवला होता. पाणी हिरवं पडू नये म्हणून औषध तेवढं रोज घालायचा, तेही वाटी काठाला टेकवून, तरंग उठणार नाही अशा बेतानं. मुलीला वाटत होतं, आई गेल्यापासून बाबांचं कशात लक्षच लागत नाही.

"काकूंनी फोनवर बजावून सांगितलं होतं," यंत्रवाला म्हणाला. "वादळाची धूळ आहे, पिठासारखी बारीक. झाडलं की उठते आणि पुन्हा तिथेच बसते. साधं यंत्र आणू नका, बारीक विणीच्या पिशवीचं आणा म्हणाल्या. माझंच येणं लांबलं, आणि तोवर..." त्यानं जीभ चावली.

"आलात ते बरं झालं," मुलगी म्हणाली. "सोमवारपासून पोरं येणार आहेत. आईचा पोहण्याचा वर्ग आता मी घेणार आहे."

"आज नको," म्हातारा म्हणाला.

"बाबा, रोज आज नको! आईनं तलाव असा ठेवला असता का? फाडून खाल्लं असतं तिनं मला."

"तुला कशाला? मला खाल्लं असतं." तो पाण्यावरून नजर न काढता म्हणाला, "बरं, मग पलीकडचं टोक करा. इकडे नको. या पायऱ्यांपासून त्या तळातल्या जाळीपर्यंत सोडून द्या."

यंत्रवाला हसला. "काका, त्याला असं सांगता येत नाही. ते आपल्या मनानं फिरतं. भिंतीला धडकलं की वळतं, दुसरी भिंत आली की पुन्हा वळतं. अगदी माझ्या मेहुण्यासारखं. कामाला चोख, पण ऐकणार कुणाचं नाही."

त्यानं यंत्र खोल टोकाला पाण्यात सोडलं आणि पंपघरात जाऊन यंत्राचं बटण दाबून आला. यंत्र बुडबुडे सोडत तळाशी गेलं. त्याचे ब्रश फिरू लागले. ते पुढे सरकलं तशी मागे निळ्या फरशीची एक लखलखीत पट्टी उघडी पडली.

"बघा ना बाबा!" मुलगी म्हणाली. "फरशी इतकी निळी आहे, विसरूनच गेले होते मी."

म्हातारा फरशीकडे बघत नव्हता. यंत्र समोरच्या भिंतीला धडकलं, वळलं, आणि उथळ टोकाकडे तोंड करून निघालं. तो गुडघ्यांवर उठला.

"थांबवा ते."

"बाबा, आता पुन्हा..."

"अगं, तिथे तुझी आई चाललीय."

मुलीनं आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याच्या बोटाच्या दिशेनं पाण्यात.

तळावरच्या करड्या थरात पावलं उमटली होती. पायऱ्यांपासून जाळीपर्यंत गेलेली, आणि परत आलेली. किती धूळ साचलीय ते बघायला ती उतरली होती. डावं पाऊल नेहमीसारखं बाहेर वळलेलं, टाच खोल रुतलेली. जाळीपाशी ती माघारी वळली, तिथे थर गोल पुसला गेला होता. त्यानंतर या पाण्यात कुणी पाय घातला नव्हता.

मुलगी एकदम ओरडली, "अहो, बंद करा! आधी बंद करा ते!"

यंत्रवाला पंपघराकडे धावला. म्हाताऱ्यानं वायर धरून ओढली, पण ती ढिली होती, नुसतीच हातात गोळा होत राहिली. यंत्र घाई न करता, सरळ रेषेत येत होतं. जाळी आता त्याच्यापासून हातभर होती.

म्हाताऱ्यानं वायर टाकली आणि कपड्यांनिशी पाण्यात उडी मारली. कमरेइतक्या पाण्यात रेटत, धडपडत तो गेला, वाकला, यंत्राची मूठ पकडली आणि ते उचलून छातीशी धरलं. ब्रश फिरतच होते. सदऱ्याचं एक बटण तुटून पाण्यात पडलं. तो सोडेना.

मग ब्रश थांबले.

"वाचली," तो धापा टाकत म्हणाला. "वाचली गं."

मुलगी काठावर उभी होती आणि पाण्याकडे बघत होती. तेव्हा त्यानंही खाली बघितलं.

त्याच्या पायांपासून करडा ढग वर चढत होता. पायऱ्यांपासून तो जिथे उभा होता तिथपर्यंत, जिथून जिथून तो धडपडत आला होता तिथून तिथून, पाणी गढूळ होत चाललं होतं. जाळी दिसेनाशी झाली. मग त्याला स्वतःचे गुडघेही दिसेनात.

यंत्रवाला धावत परत आला, त्यानं पाणी बघितलं आणि आवाज खाली आणला. "काका, बसेल तो गाळ. दोन दिवसांत बसेल."

"जसा होता तसा?"

यंत्रवाला पसरलेली वायर गोळा करू लागला.

मुलगी त्याच्याजवळच्या काठावर येऊन बसली. तिचे डोळे वाहत होते. तिनं दोन्ही हात पुढे केले. "बाबा, ते द्या माझ्याकडे. या वर."

त्यानं जागचं न हलता, हात लांब करून यंत्र तिच्या हातात दिलं. पण तो आला नाही. मोकळे हात पाण्यापासून अधांतरी धरून तसाच उभा राहिला. श्वाससुद्धा जपून घेत होता.

"या ना, बाबा."

"पाय कसा उचलू?" तो म्हणाला. "खाली तिचं एखादं पाऊल राहिलं असेल तर?"