फुकटचं मिनिट

दामोदर बेहेरे शिऱ्याची वाटी घेऊन शेजारच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सुलक्षणा, गरम आहे तोवर खा."

सुलक्षणानं कानामागच्या बटणाकडे बोट दाखवलं. "काका, नुसते ओठ हलतायत. आता हवे तेवढेच आवाज घ्यायचे आणि तेवढ्याचेच पैसे भरायचे ना! तुम्हाला मी घेतलेलं नाही. राग मानू नका, सासूबाईंनासुद्धा फक्त सणासुदीला लावते."

बेहेऱ्यांनी स्वतः अख्खी इमारत घेतली होती, वरच्या पाटणकरांच्या घोरण्यासकट. त्यांना मात्र कुणीच घेतलं नव्हतं, आणि एकही ग्राहक नसलेले आवाज कंपनी आज रात्री कायमचे बंद करणार होती. त्यांनी हात जोडले.

"अहो, हात काय जोडता! नमुन्याला एक मिनिट फुकट मिळतं. आवडलात तर ठेवते." तिनं बटण दाबलं. "हं, बोला."

"हॅलो, येतोय का आवाज?"

"येतोय, काका."

हे ऐकून बेहेऱ्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी पुन्हा विचारलं. "आणि असा, तोंड फिरवून?"

"तसाही येतोय."

ते लगबगीनं जिन्यापाशी गेले. "इथून?"

"अगदी स्वच्छ! पण तुम्हाला सांगायचंय काय?"

ते धापा टाकत परत आले, तोवर मिनिट संपलं होतं. त्यांनी मांजर लिफ्टमध्ये अडकल्याचा किस्सा हातवारे करून, अगदी रंगवून सांगितला. सुलक्षणा त्यांच्या ओठांकडे बघत शेवटपर्यंत थांबली, आणि भलत्याच जागी हसली.