बुडापासून चार बोटं वर

तांब्याचा हंडा. आंबवलेली नाचणी. मैनाचा कोयता. महाडची पितळी तोटी.

भागोजी मुंबईला गोऱ्यांच्या क्लबात कामाला होता. पोलादपूरला परतला आणि घरीच नाचणीची बियर करू लागला. पोरांच्या भाकरीची नाचणी हंड्यात जाऊ लागली. त्याच्या बायकोने, मैनाने, पाया पडून पाहिलं, रडून पाहिलं. शेवटी एकदा तो बाहेर गेलेला असताना तिने कोयत्याच्या टोकाने हंड्याला भोक पाडलं, बुडापासून चार बोटं वर.

परत आल्यावर भोक पाहून भागोजी हंडा उचलून महाडच्या तांबटाकडे गेला आणि त्याच भोकात तोटी बसवून आला. आता गाळ तळाशी राहायचा आणि वरची नितळ बियर तोटीतून पेल्यात यायची.

"बरोब्बर जाग्यावर पाडलंस गो," तो खूश होऊन म्हणाला. "मला नाय सुचलं."

दुसऱ्या दिवशी शेजारचा रावजी स्वतःचा हंडा घेऊन दारात उभा.

"वयनी, आमच्या हंड्यालाबी तेवढं भोक पाडून द्या."



मैनाच्या बापाने लग्नात हा हंडा नाचणीने भरून दिला होता.