चार खुर्च्यांचं निवेदन

"बसा ना," आमदारबाई म्हणाल्या. "खास तुमच्यासाठी आतून काढून घेतल्यात. अजून कोणी बसलेलं नाही."

चौघांपैकी कोणीही हललं नाही.

टेबलासमोर प्लास्टिकच्या चार नव्याकोऱ्या खुर्च्या होत्या. पाठीवर 'खुर्ची उत्पादक संघटनेतर्फे सप्रेम भेट' असं छापलेलं. गेल्या वर्षी संघटनेनेच त्या दिल्या होत्या. आपसात भांडण नको म्हणून प्रत्येक पदाधिकाऱ्याच्या कारखान्यातली एकेक. आज तेच पदाधिकारी निवेदन घेऊन आले होते. खुर्ची विकण्याआधी वजन ठेवून तिची चाचणी करायची, असा कायदा येत होता. तो नको, एवढंच मागणं. मतदान उद्या.

अध्यक्ष चौघांत वजनदार, सगळ्याच अर्थांनी. लिफ्ट बंद म्हणून तीन जिने चढून आलेले, गुडघे पार कामातून गेलेले. त्यांनी समोरच्या निळ्या खुर्चीकडे आशेने पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. निळी त्यांचीच होती. तिच्या पायांत माल किती घातलाय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? चाचणी आली की कारखान्याला कुलूप, हेही त्यांना ठाऊक होतं.

शेजारची पिवळी सचिवाची. सचिव म्हणजे त्यांचा मेहुणा, आणि धंदा त्याला त्यांनीच शिकवलेला. म्हणजे पिवळी बाद. हिरवी खजिनदारांची. खजिनदार तिच्याकडे पाहतसुद्धा नव्हते. पांढरी उपाध्यक्षांची, आणि उपाध्यक्ष तिच्यापासून दोन पावलं लांब सरकले होते.

"चाचणी कशाला हो बाई?" अध्यक्षांनी घसा साफ केला. "तीस वर्षं लोक आमच्या खुर्च्यांवर डोळे मिटून बसतायत. विश्वासाचा धंदा आहे हा."

"पटतंय मला," बाई म्हणाल्या. "उद्या मी विरोधात बोलेन. फक्त मुद्दे नीट समजावून सांगा. बसा, वेळ आहे मला."

काम झालंच होतं. आता नुसतं बसायचं होतं.

"उभेच बरे आहोत," सचिव म्हणाला. "दिवसभर बसूनच असतो."

"माझी पाठ धरलीय," खजिनदार म्हणाले.

"मोठ्यांसमोर मी बसत नाही," उपाध्यक्ष म्हणाले. बाईंपेक्षा ते पंधरा वर्षांनी मोठे होते.

बाईंनी पेन खाली ठेवलं. राजकारणात येण्याआधी वीस वर्षं त्यांनी शाळेत काढली होती. गृहपाठ न केलेली मुलं कशी उभी राहतात, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

"बरं," त्या शांतपणे म्हणाल्या. "मुद्दा पहिला. सावकाश वाचा."

निवेदनात अकरा मुद्दे होते. संघटनेने ते पंधरा दिवस खपून वाढवले होते. पाचव्या मुद्द्याला अध्यक्षांचे पाय लटपटायला लागले.

"भावोजी, टेका जरा," मेहुणा कुजबुजला.

"तू टेक आधी."

सातव्या मुद्द्याला अध्यक्षांचा धीर सुटला. टेबलाची कड धरून ते हळूहळू खाली गेले आणि सरळ फरशीवर मांडी घालून बसले. त्यांना इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. टेबलाच्या वर आता फक्त त्यांचं टक्कल दिसत होतं.

"जमिनीची सवय आहे आम्हाला," टक्कल म्हणालं.

बाकीचे तिघे जणू याचीच वाट पाहत होते. तेही पटापट खाली बसले.

बाईंनी वाकून चौघांना पाहिलं. मग कोपऱ्यात टिपणं घेणाऱ्या कारकुनाकडे वळल्या.

"संघटनेचं म्हणणं ऐकून घेतलं, असं लिहा."

"आणि मत काय लिहू, बाई? बाजूने की विरोधात?"

"मत नको. एवढंच लिहा, शिष्टमंडळ जमिनीवर बसलं होतं. आणि खुर्च्या चार होत्या."