विजयकमानीला टेकलेलं घर

पुरातत्त्व खात्याच्या बाईंनी स्वयंपाकघराच्या भिंतीला छिन्नी लावली, तशी शिंपीण हातातलं शिवण टाकून पुढे आली.

ही भिंत म्हणजे रस्त्यावरच्या जुन्या कमानीचा डावा खांब. घर तिला टेकूनच बांधलेलं. कमान विजयकमान ठरली तर ती चहूबाजूंनी मोकळी करायची, असा हुकूम निघाला होता. म्हणजे घरावर कुदळ.

"पण ताई, विजयकमान ठरते तरी कशावरून?"

"एक तर कुणीतरी काहीतरी जिंकलेलं असावं लागतं," हात न थांबवता बाई म्हणाल्या. "तसा लेख कोरलेला असतो. तुमच्या कमानीवरचा पार झिजलाय. आणि दुसरं, ती एकटी उभी असते. ना तिला तट, ना दार. खालून मिरवत जायचं, एवढ्याचसाठी बांधलेली. तटात बसवलेली असली तर ती वेस."

"राजा लढाई जिंकून आला तेव्हाच बांधलीय ही!" दारातून शिंपिणीचा नवरा गरजला. तो घड्याळजी. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याने हे छाती फुगवून ऐकवलं होतं.

"अहो, तुम्ही जरा तोंड आवरता का?" शिंपीण दातओठ खात पुटपुटली. "घर जाईल तुमच्या राजापायी."

गिलाव्याचा मोठा पापुद्रा सुटून खाली पडला. धूळ खाली बसली. मग बाईंनी बॅटरी लावली आणि दगडांवरून हात फिरवला. एक पुढे आलेला, एक आत गेलेला. किडक्या दातांची रांग असावी तसे.

"कमान एकटी असती तर ही बाजू घडवून गुळगुळीत केली असती," त्या म्हणाल्या. "हे दगड पुढच्या भिंतीत गुंतलेले होते. सकाळी उजव्या खांबालाही असंच निघालं. इथे तट होता."

"म्हणजे?"

"म्हणजे ही वेस आहे. राहा खुशाल."

शिंपिणीने मटकन फरशीवरच बसकण मारली. हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणीही थांबत नव्हतं. "ताई, तुमच्या तोंडात साखर पडो," एवढंच तिला कसंबसं म्हणता आलं.

घड्याळजीचा चेहरा मात्र पडला. "मग राजा कुठून गेला?"

"गेला असेल इथूनही," बाई छिन्नी पुसत म्हणाल्या. "पण रोज जायचे ते भाजीवाले, गुराखी, पाहुणे. दिवस उजाडला की दार उघडायचं, अंधार पडला की लावायचं. बस्स."

बाई गेल्या. घड्याळजी बराच वेळ खिडकीशी उभा राहिला. बाहेर कारखाना सुटला होता. माणसं डबे हलवत कमानीखालून येत होती, वर मान करून कुणीच बघत नव्हतं.

"म्हणजे आपल्यासारखेच लोक जायचे म्हण की," तो अखेर म्हणाला.

शिंपिणीने पदराने डोळे पुसले आणि केरसुणी उचलली.

"आणि संध्याकाळी परतही यायचे."