दंडातली कांडी

"मिथिला, ताप नाही. गर्भनिरोधक कांडी कार्यरत. चार वर्षे शिल्लक," दाराची चौकट स्वच्छ आवाजात म्हणाली. ती कालच बसवली होती. आत-बाहेर करणाऱ्याचे अंग तपासून ती मोठ्याने सांगत असे.

गजेंद्रने बायकोच्या हातातली पिशवी भिरकावली. "आई सहा वर्षं नवस बोलतेय, आणि तू आमच्या डोळ्यांत धूळ फेकतेस?"

थोबाडीत मारून त्याने तिला स्वयंपाकघरात फरफटत नेले आणि वस्तरा आणला. फोनवर त्याने वाचले होते: आगकाडीएवढी मऊ कांडी, कमी वापराच्या हाताच्या दंडात, आतून, कातडीखाली. तिच्या छातीवर गुडघा रोवून त्याने डावा दंड चिरला.

"कुठंय? बोल की!"

मिथिला किंचाळली, पण बोलली नाही. ती डावखुरी होती. आईने लहानपणी चटके देऊन तिला उजव्या हाताने जेवायला, वाढायला, हळदीकुंकू लावायला शिकवले होते आणि गजेंद्रने तिला तेवढेच करताना पाहिले होते. दवाखान्यातल्या नर्सने मात्र आधी विचारले होते, "ताई, लिहिता कुठल्या हातानं?" म्हणून कांडी उजव्या दंडात होती.

रक्ताने निसटणारा वस्तरा पुसायला तो वळला. मिथिलाने ओट्याखालचा वरवंटा डाव्या हाताने उचलला. त्या हाताचा नेम लहानपणापासून पक्का होता.

त्याला ओलांडून ती दाराबाहेर पडली.

"मिथिला, डाव्या दंडाला जखम," चौकट म्हणाली. "कांडी कार्यरत. चार वर्षे शिल्लक."