वकिलाची पारख

पांढरकवड्याच्या कोर्टासमोर देवसिंग राठोड सकाळपासून हरलेली माणसं शोधत होता. जिंकलेले पेढे वाटत आपापल्या वकिलाचे गोडवे गात होते. त्यांच्याकडे तो ढुंकूनही बघेना. बैल पारखायचा तो चिखलात रुतलेल्या गाडीला जुंपून, ही त्याच्या घराण्याची रीत. वकिलालाही त्यानं तीच लावली.

सोबत आलेली बायको हंसाबाई पार वैतागली होती. मार्चातल्या वणव्यात तांड्याच्या टोकाचं त्यांचं घर आतल्या कापसासकट जळालं होतं. रस्त्याच्या ठेकेदाराच्या माणसांनी जंगलाकडेचं गवत पेटवलं, असं देवसिंग सांगायचा. पंचनाम्यात मात्र भलतंच होतं: मोहफुलं वेचायला तांड्यातल्या बायांनी झाडाखालचा पाला जाळला, त्यातून वणवा लागला. ते कायम राहिलं तर भरपाई दूरच, वर गुन्हा अंगावर.

बाराच्या सुमारास एक म्हातारा पायरीवर मटकन बसला. किसनराव नाव. शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, खटला नुकताच हरलेला.

"वकील काय बोलला, काका?" देवसिंगनं विचारलं.

"बाई हाये. उज्ज्वला. म्हणे, काका, चूक मायीच झाली. एक कागद पाहाचा राह्यला."

देवसिंगचा चेहरा खुलला. "चाल, हंसा. भेटला आपला वकील."

"हारनारी कायले करता?"

"चूक झाली म्हननारा वकील पाह्यला काय तू आजवर?"

उज्ज्वला वकीलबाईंनी पंचनामा दोनदा वाचला. समोरच्या खुर्चीत देवसिंग बोलतच होता. त्याला हातानं थांबवून त्यांनी मागे उभ्या हंसाबाईला विचारलं, "मावशी, त्या दिवशी मोहाखाली पाला जाळलता तुम्ही?"

 हाच प्रश्न देवसिंग तीन महिने टाळत आला होता. उत्तराची त्याला भीती वाटायची.

"जाळलता," हंसाबाई म्हणाली. "दोन गुंड भरून पानी टाकून इझवला. राखीत हात घालून पाह्यला, मंगच घरी आली." ती टेबलाजवळ आली. "तीन महिने झाले, बाई. मले कोनी इचारलंच नाही."

वकीलबाईंनी कोरा कागद पुढे ओढला. "मग सांगा, अगदी सकाळपासून."

देवसिंग उठला. खोलीत अशिलासाठी एकच खुर्ची होती. ती त्यानं हंसाबाईकडे सरकवली.